सैनिकांच्या पगाराची आणि सेवाशर्तींची बाजू कोण मांडतो? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेवेतील जवान, त्यांचे कुटुंबीय आणि माजी सैनिक यांच्याकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. आठवा केंद्रीय वेतन आयोग काम करू लागल्यापासून त्यांत भर पडली आहे. उत्तरे भारतीय सेनादलांपुरती आहेत. इतर देशांचा उल्लेख तुलनेला गरज पडेल तिथेच केला आहे. एका प्रश्नात आलेला मुद्दा दुसऱ्यात पुन्हा लिहिलेला नाही, त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मी सेवेत आहे. पगाराच्या मागण्यांसाठी मला एखाद्या युनियनचे किंवा संघटनेचे सदस्य होता येईल का?

नाही. सेना नियम १९५४ मधील नियम १९ नुसार सेना कायद्याखालील कोणत्याही व्यक्तीला केंद्र सरकारच्या स्पष्ट मंजुरीशिवाय कामगार संघटनेचे सदस्य होता येत नाही, तिच्याशी कोणत्याही प्रकारे संबंधही ठेवता येत नाही. सेनादलाचा भाग म्हणून मान्यता नसलेल्या इतर संस्थेच्या कामात सक्रिय भाग घ्यायचा असेल, तरी तीच मंजुरी लागते. संस्था केवळ धार्मिक किंवा करमणुकीची असेल, तर वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी परवानगी पुरते. नियम २० राजकीय सभा आणि निदर्शनांबद्दल आहे, नियम २१ वृत्तपत्रांत लिहिण्याबोलण्याबद्दल. नौदलाला नौदल कायदा १९५७ मधील आणि हवाई दलाला हवाई दल कायदा १९५० मधील याच स्वरूपाच्या तरतुदी लागू आहेत. जवान, जेसीओ (सुभेदारासारखे कनिष्ठ आयुक्त अधिकारी) आणि अधिकारी या सर्वांना ही बंदी सारखीच आहे. अधिकाऱ्यांची वेगळी मान्यताप्राप्त संघटना असते, असा समज काही गावांत आढळतो. तो खरा नाही.

२. संघटना करण्याचा हक्क राज्यघटनेने प्रत्येक नागरिकाला दिला आहे. मग सैनिकाचा हक्क कोणत्या आधाराने कमी केला?

घटनेच्याच आधाराने. अनुच्छेद १९ मधील स्वातंत्र्ये आणि इतर मूलभूत हक्क सेनादलांतील व्यक्तींना किती प्रमाणात लागू करायचे, हे ठरवण्याचा अधिकार अनुच्छेद ३३ ने संसदेला दिला आहे. कर्तव्ये नीट पार पाडली जावीत आणि शिस्त राहावी, हा त्यामागचा घटनेने नोंदवलेला हेतू आहे. या अधिकाराचा वापर करून सेना कायदा १९५० च्या कलम २१ ने सरकारला तीन बाबतींत निर्बंध घालण्याची मुभा दिली : संघटनांचे सदस्यत्व, सभा आणि निदर्शने, वृत्तपत्रांशी संपर्क. वरचे तीन नियम त्यातून आले.

लेफ्टनंट कर्नल पृथी पाल सिंग बेदी यांच्या १९८२ मधील निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही चौकट ग्राह्य धरली. त्याच निकालात न्यायालयाने असेही बजावले होते, की लष्करी न्यायाच्या निर्णयांवर पुनर्विचार करणारी वरची यंत्रणा नसणे हे वैगुण्य आहे. ते वैगुण्य दूर व्हायला पुढे २५ वर्षे लागली (प्रश्न ९ पाहा).

३. सैनिकांनी पगाराबद्दल एकत्र बोलण्याला सरकार इतके का बिचकते?

याचे उत्तर मुंबईच्या बंदरात आहे. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी ‘तलवार’ या नौदलाच्या किनाऱ्यावरील तळावर खलाशांनी निकृष्ट अन्न आणि अपमानास्पद वागणूक यांविरुद्ध काम बंद केले. त्यांनी मध्यवर्ती संप समिती निवडली. तिच्या मागण्यांत ब्रिटिश खलाशांइतका पगार आणि भत्ते, चांगले जेवण आणि युद्धानंतर घरी पाठवण्याची नीट व्यवस्था या गोष्टी होत्या आणि आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका ही राजकीय मागणीही होती. काही दिवसांत हे लोण कराचीपर्यंत इतर जहाजांवर आणि तळांवर पसरले. मुंबईच्या गिरणी कामगारांनी पाठिंब्यासाठी बंद पाळला, रस्त्यांवर गोळीबार झाला आणि शेकडो माणसे मेली. २३ फेब्रुवारीला खलाशांनी शरणागती पत्करली.

त्या उठावाकडे आपण आज अभिमानाने पाहतो. शासनयंत्रणेने मात्र त्यातून असा धडा घेतला, की ताटातल्या जेवणाची तक्रार सशस्त्र माणसांनी सामूहिकपणे मांडली तर ती कुठे जाऊन थांबेल, हे सांगता येत नाही. सेना कायद्याच्या कलम ३७ मध्ये बंडाला मृत्युदंडापर्यंतची शिक्षा आहे आणि बंड घडवण्यासाठी इतरांशी संगनमत करणेही त्याच कलमात येते. हातात शस्त्र असलेल्याने संपाचा मार्ग घेऊ नये, हे मला मान्य आहे. पण संप आणि बाजू मांडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे पहिल्याची भीती दाखवून दुसरीची सोयही केलेली नाही, हे मला मान्य नाही.

४. मग आमचा पगार ठरतो तरी कसा आणि त्यात आमचे म्हणणे कोण मांडतो?

सैनिकांचा पगार वाटाघाटीने ठरत नाही. तो शिफारशीने ठरतो आणि ती शिफारस स्वीकारणे, बदलणे किंवा नाकारणे सरकारच्या हाती असते.

सुरुवातीला सेनादलांच्या वेतनासाठी नागरी आयोगाहून वेगळ्या समित्या नेमल्या जात. १९४७ मध्ये युद्धोत्तर वेतन समिती होती, नंतर रघुरामय्या समिती आली. तिसऱ्या वेतन आयोगापासून, म्हणजे १९७३ च्या अहवालापासून, सेनादले नागरी कर्मचाऱ्यांबरोबर एकाच आयोगाच्या कक्षेत आली. तेव्हापासूनची पद्धत साधारण अशी आहे. तिन्ही दलांची मुख्यालये आपापल्या विभागांकडून माहिती मागवून एक संयुक्त निवेदन तयार करतात. ते संरक्षण मंत्रालयामार्फत आयोगाकडे जाते. आयोग दलांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना म्हणणे मांडायला बोलावतो, सीमेवरील काही ठिकाणांना भेटी देतो आणि अहवाल लिहितो. अहवालावर सचिवांची समिती विचार करते आणि शेवटी मंत्रिमंडळ निर्णय घेते.

या साखळीत शिपायाने निवडून दिलेला एकही माणूस नाही. त्याची बाजू त्याचा वरिष्ठ मांडतो, आणि तो वरिष्ठ त्याच सरकारचा नोकर असतो. अनेक वरिष्ठांनी हे काम मनापासून केले आहे, त्याबद्दल शंका नाही. तरीही जनरलच्या अडचणी आणि नायकाच्या अडचणी एक नसतात. एकाच निवेदनात दोन्ही मांडायच्या म्हटल्यावर कोणत्या अधिक सविस्तर लिहिल्या जातात, हे सातव्या आयोगानंतर ज्या मुद्द्यांवर सर्वाधिक चर्चा झाली त्यांवरून दिसते : अधिकाऱ्यांची पदोन्नतीविना वेतनवाढ हा मुद्दा त्यांत ठळक होता.

५. आयोगावर सैनिक सदस्य असतो का? आठव्या आयोगात तरी आहे का?

नाही. सहाव्या आयोगाचे अध्यक्ष न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण होते, सातव्याचे न्यायमूर्ती अशोक कुमार माथुर. दोन्ही वेळा इतर सदस्य अर्थतज्ज्ञ किंवा प्रशासकीय अधिकारी होते. आठव्या आयोगाची घोषणा जानेवारी २०२५ मध्ये झाली आणि त्याच्या कार्यकक्षेला मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. अध्यक्षपदी मुंबई उच्च न्यायालयात दीर्घकाळ न्यायदान केलेल्या आणि नंतर सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई आहेत. त्यांच्याबरोबर एक अर्धवेळ सदस्य आणि एक सदस्य-सचिव आहेत. अहवालासाठी १८ महिन्यांची मुदत आहे. सेनादले कार्यकक्षेत आहेत, पण सदस्यांत सेनादलातून आलेले कोणी नाही.

ही मागणी माजी सैनिकांनी प्रत्येक आयोगाच्या वेळी केली आहे. सदस्य सैनिक असला म्हणजे तो आपोआप न्याय देईल असे नाही. पण सतरा-अठरा वर्षे सेवा करून पस्तिशीत घरी येणाऱ्या हवालदाराचे आयुष्य कसे असते, हे आयोगाच्या टेबलाभोवती एकाला तरी भोगून माहीत असावे, ही अपेक्षा फार मोठी नाही.

६. रेल्वे आणि पोस्टातल्या कर्मचाऱ्यांचे पुढारी थेट कॅबिनेट सचिवांशी बोलतात. तशी सोय आम्हाला का नाही?

ती सोय जेसीएम (संयुक्त सल्लागार यंत्रणा) या नावाने ओळखली जाते आणि १९६६ पासून चालू आहे. तिच्या राष्ट्रीय परिषदेचे अध्यक्ष कॅबिनेट सचिव असतात आणि समोर कर्मचारी पक्ष बसतो. वेतन आणि भत्ते, कामाचे आठवड्याचे तास आणि रजा या विषयांवर एकमत झाले नाही, तर काही अटींवर प्रकरण सक्तीच्या लवादाकडे नेण्याची तरतूदही तीत आहे. संरक्षण मंत्रालयातील नागरी कर्मचारी या यंत्रणेत आहेत, गणवेशातील सैनिक नाहीत. त्यामुळे एकाच मंत्रालयाचा पगार घेणाऱ्या दोन माणसांपैकी भांडार सांभाळणाऱ्या नागरी कारकुनाला प्रतिनिधी आहे आणि त्या भांडारावर पहारा देणाऱ्या शिपायाला नाही. नागरी कामगारांबद्दल अधिक माहिती प्रश्न १३ आणि १४ मध्ये आहे.

७. सेनाप्रमुखांनी सरकारपुढे आमच्यासाठी कधी ठाम भूमिका घेतली आहे का?

घेतली आहे आणि तिचा उपयोगही झाला आहे. सहाव्या आयोगाने ‘लष्करी सेवा वेतन’ हा नवा घटक आणला. अधिकाऱ्यांना दरमहा ६,००० रुपये, जेसीओ आणि जवानांना २,००० रुपये असे त्याचे दर होते. मात्र वेतनश्रेणींच्या मांडणीत काही लष्करी हुद्दे समकक्ष नागरी आणि पोलीस पदांच्या खाली गेले. २००८ मध्ये तिन्ही प्रमुखांनी हे मुद्दे सुटेपर्यंत नवी वेतनरचना लागू करणे लांबवले. प्रणव मुखर्जी यांच्या अध्यक्षतेखाली मंत्र्यांची समिती नेमली गेली आणि इतर काही दुरुस्त्यांबरोबर लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा वरच्या वेतनपट्ट्यात गेला.

सातव्या आयोगानंतर, सप्टेंबर २०१६ मध्ये, प्रमुखांनी पुन्हा अंमलबजावणी रोखून धरण्याची विनंती केली. संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्याशी चर्चा झाल्यावर गाडे पुढे सरकले. त्या आयोगाने लष्करी सेवा वेतन अधिकाऱ्यांसाठी १५,५०० रुपये आणि जेसीओ व जवानांसाठी ५,२०० रुपये केले. जेसीओंना वेगळा, वाढीव दर मिळावा ही दलांची मागणी मान्य झाली नाही. भत्त्यांच्या बाबतीत मात्र आयोगाच्या शिफारशी पुन्हा तपासल्या गेल्या आणि १ जुलै २०१७ पासून सियाचीन भत्ता जवान व जेसीओंना १४,००० वरून ३०,००० रुपये, तर अधिकाऱ्यांना २१,००० वरून ४२,५०० रुपये झाला.

या दोन्ही प्रसंगांतील अडचण लक्षात घ्या. बाजू मांडण्याचा नियमित मार्ग नसल्यामुळे प्रमुखांना सरकारचा आदेश थांबवण्याच्या टोकापर्यंत जावे लागले. लोकशाहीत सेनाप्रमुखावर अशी वेळ येणे चांगले नाही, आणि ती वेळ आणणारी रचना त्याहून वाईट आहे.

८. आमच्या कंपनीतल्या सर्वांचा एकच भत्ता थकला आहे. सगळ्यांनी सह्या करून एक अर्ज दिला तर चालेल का?

कृपया तसे करू नका. सेनादलांत सामूहिक तक्रारीला परवानगी नाही. मागणी शंभर टक्के रास्त असली, तरी सह्यांचा कागद हीच शिस्तभंगाची बाब मानली जाऊ शकते आणि चौकशी भत्त्याऐवजी सह्या कोणी गोळा केल्या याची सुरू होते. प्रत्येकाने आपला वेगळा अर्ज, आपल्या शब्दांत, आपल्या कंपनी कमांडरकडे द्यावा. दहा जणांनी दहा अर्ज दिल्यास मुद्दा तितक्याच वजनाने वर जातो.

दुसरा मार्ग सैनिक संमेलनाचा, म्हणजे दरबाराचा आहे. तिथे सामाईक अडचण एका जवानाने उभे राहून विचारलेली चालते. सुभेदार मेजर साहेबांना आधी सांगून ठेवले, तर सीओ साहेब (युनिटचे प्रमुख) उत्तर तयार ठेवून येतात. पण दरबारात सुटतात ते लंगर, क्वार्टर, रजा, कॅन्टीन आणि थकलेली बिले असे युनिटच्या हातातले विषय. मूळ पगार किती असावा, याचे उत्तर त्या मंडपात कोणाकडेच नसते.

९. माझ्या एकट्याच्या पगारात चूक झाली आहे. कोणाकडे जाऊ?

आधी हिशेबाची बाजू तपासावी. जवान आणि जेसीओंचा पगार त्यांच्या रेजिमेंटल सेंटरशी जोडलेल्या वेतन लेखा कार्यालयातून होतो. मराठा लाइट इन्फंट्रीसाठी ते बेळगावला आहे. लष्करी अधिकाऱ्यांचा पगार पुण्यातील संरक्षण लेखा प्रधान नियंत्रक कार्यालयातून होतो आणि हवाई दलाचा दिल्लीच्या केंद्रीय लेखा कार्यालयातून. बऱ्याच चुका भाग-दोनचा आदेश (जवानाच्या सेवेतील बदलांची युनिटने काढायची नोंद) वेळेत न निघाल्यामुळे होतात आणि युनिटच्या क्लार्ककडून पाठपुरावा केला की सुटतात.

तसे झाले नाही, तर वैधानिक तक्रार करता येते. सेना कायद्याच्या कलम २६ नुसार जवान आणि जेसीओ, कलम २७ नुसार अधिकारी आणि नौदल कायद्याच्या कलम २३ नुसार नौसैनिक हा हक्क वापरू शकतात. ज्या अधिकाऱ्याकडे तक्रार करायची त्याच्याविरुद्धच तक्रार असेल, तर ती त्याच्या वरच्याकडे जाते. तक्रार मिळालेल्या अधिकाऱ्याने तिची शक्य तितकी पूर्ण चौकशी करणे कायद्याने बंधनकारक आहे.

त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. २००७ च्या कायद्याने ते स्थापन झाले आणि २००९ मध्ये त्याचे काम सुरू झाले. वेतन, भत्ते, पेन्शन, पदोन्नती हे सर्व त्याच्या कक्षेत येते. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी मुंबई खंडपीठ आहे. दोन मुदती विसरू नका. तक्रारीवर अंतिम आदेश मिळाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. तक्रार देऊन सहा महिने झाले आणि उत्तरच आले नाही, तर त्यानंतरच्या सहा महिन्यांत जाता येते. पेन्शनचे नुकसान दरमहा चालू असल्यामुळे उशीर झालेले प्रकरणही ऐकले जाऊ शकते, पण २००८ च्या तरसेम सिंग निकालानुसार थकबाकी सामान्यतः मागील तीन वर्षांचीच मिळते. म्हणून ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणण्यात थेट पैसे बुडतात.

१०. एकट्या माणसाच्या दाव्याने सगळ्यांचा पगार बदलू शकतो का?

एकदा तसे घडले आहे आणि ते उदाहरण प्रत्येक सैनिकाला माहीत असावे. चौथ्या वेतन आयोगाने १ जानेवारी १९८६ पासून कॅप्टन ते ब्रिगेडियर या हुद्द्यांना दरमहा २०० ते १,२०० रुपये ‘रँक पे’ मूळ वेतनाशिवाय दिला होता. प्रत्यक्षात वेतननिश्चिती करताना तेवढीच रक्कम मूळ वेतनातून वजा करण्यात आली, म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले. मेजर ए. के. धनपालन एकटेच केरळ उच्च न्यायालयात गेले आणि १९९८ मध्ये जिंकले. तो लाभ इतरांना देण्यास सरकार तयार नव्हते. शेवटी इतरांची प्रकरणे एकत्र येऊन २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश झाला आणि सप्टेंबर २०१२ मध्ये तो कायम झाला. मूळ चूक आणि अखेरचा निकाल यांत २६ वर्षे गेली. तोवर अनेक लाभार्थी हयात नव्हते.

न्यायालय चुकीची वेतननिश्चिती दुरुस्त करू शकते, भेदभाव रद्द करू शकते. पगार किती असावा हे धोरण ते सहसा ठरवत नाही. न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जाता येते. २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने उच्च न्यायालयाचा अनुच्छेद २२६ खालील मार्गही बंद नसल्याचे स्पष्ट केले. दिल्लीचा खर्च न झेपणाऱ्या कुटुंबांसाठी हा मोठा दिलासा आहे.

११. निवृत्त झाल्यावर ही बंदी उठते का? ‘समान हुद्दा, समान पेन्शन’ कशी मिळाली?

उठते. सेवानिवृत्त व्यक्ती सेना कायद्याखाली राहत नाही. त्यामुळे तिला संघटना काढता येते, मोर्चा काढता येतो, निवडणूक लढवता येते. (गोपनीय माहितीबाबतचे बंधन मात्र आयुष्यभर राहते.) म्हणूनच आपल्याकडे सेवेतील सैनिकांची बाजूही बहुतेक वेळा माजी सैनिकच बोलून दाखवतात.

समान पेन्शनचा लढा हे याचे सर्वात ठळक उदाहरण आहे. एकाच हुद्द्यावरून, तितक्याच सेवेनंतर निवृत्त झालेल्या दोघांना निवृत्तीचे साल वेगळे म्हणून वेगळी पेन्शन मिळू नये, ही मागणी राज्यसभेच्या याचिका समितीने भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखाली २०११ मध्ये मान्य केली. अंमलबजावणी होईना म्हणून जून २०१५ मध्ये दिल्लीच्या जंतर मंतरवर माजी सैनिक उपोषणाला बसले. ५ सप्टेंबर २०१५ रोजी पर्रीकर यांनी योजना जाहीर केली. ७ नोव्हेंबरला आदेश निघाला आणि लाभ १ जुलै २०१४ पासून दिला गेला. पेन्शनची फेरनिश्चिती दर वर्षी हवी, हे संघटनांचे म्हणणे होते. सरकारने पाच वर्षे ठरवली. मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे धोरण वैध ठरवले, पण १ जुलै २०१९ पासूनची फेरनिश्चिती करून थकबाकी देण्याचा आदेशही दिला.

सत्तरी ओलांडलेल्या माणसांना पदके छातीवर लावून रस्त्यावर बसावे लागले, ही गोष्ट मला आजही बोचते.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय हे माजी सैनिकांचे आणि वीरनारींचे हक्काचे ठिकाण आहे, पण ते शासनाचे कार्यालय आहे. पेन्शनची कागदपत्रे, शिष्यवृत्ती आणि वसतिगृह यांसाठी तिथे अवश्य जावे. वेतनाच्या मागण्यांवर बोलणी करण्याचा अधिकार त्याला नाही.

१२. मी जवानाची पत्नी आहे. माझ्यावर सेना कायदा लागू नाही. मग मी बोलले तर?

आपण नागरिक आहात आणि बोलण्याचा, सभा घेण्याचा, आमदार-खासदारांना निवेदन देण्याचा पूर्ण हक्क आपल्याला आहे. जपायचे एवढेच, की पतीच्या वैयक्तिक बदली, बढती किंवा शिक्षेच्या प्रकरणात बाहेरून वजन आणले गेले असे दिसले, तर त्याचा त्रास त्यांना होऊ शकतो. घरभाडे, शाळा, रुग्णालय, कुटुंबपेन्शन अशा सर्वांच्या प्रश्नांवर बोलताना ती अडचण येत नाही. युनिटमधील पत्नी कल्याण संघटना कल्याणाचे काम करते, तिला मागण्या मांडण्याचे व्यासपीठ समजू नये.

आयर्लंडमध्ये १९८० च्या दशकाच्या अखेरीस सैनिकांच्या पत्नींनीच संघटना काढली, पगाराचा प्रश्न जाहीर सभांत नेला आणि त्यांच्यातील काही जणी निवडणुकीलाही उभ्या राहिल्या. त्या रेट्यातून १९९० चा कायदा झाला. तेव्हापासून तिथे जवानांची एक आणि अधिकाऱ्यांची एक अशा दोन मान्यताप्राप्त प्रतिनिधी संघटना आहेत. संपाचा हक्क त्यांना नाही.

आणि सोशल मीडियाबद्दल : पत्नीने लिहिणे वेगळे आणि सेवेतील पतीने तिच्या खात्यावरून लिहिणे वेगळे. दुसरी गोष्ट नियम २१ मध्येच येते. जानेवारी २०१७ मध्ये सीमा सुरक्षा दलाच्या एका जवानाने जेवणाच्या दर्जाबद्दल चित्रफीत टाकली, देशभर चर्चा झाली, आणि काही महिन्यांत त्या जवानाला बडतर्फ करण्यात आले.

१३. माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात युनियनमध्ये होते. तेही संरक्षण खातेच ना?

खाते तेच होते, पण कायदा वेगळा. खडकी, देहूरोड, अंबरनाथ, भुसावळ, वरणगाव, अंबाझरी, भंडारा, भद्रावती येथील कारखान्यांतील कामगार नागरी कर्मचारी आहेत आणि त्यांच्या संघटनांना मोठा इतिहास आहे. एस. एम. जोशी यांनी संरक्षण कामगारांच्या अखिल भारतीय संघटनेचे नेतृत्व केले होते. १ ऑक्टोबर २०२१ रोजी हे कारखाने सात सरकारी कंपन्यांत विभागले गेले. त्याआधी त्याच वर्षी अत्यावश्यक संरक्षण सेवांतील संपावर बंदी घालता येईल असा मर्यादित मुदतीचा कायदा संसदेने केला. संघटना करण्याचा हक्क त्या काळातही कायम होता.

१४. मी रेजिमेंटल सेंटरमध्ये सिव्हिलियन कुक आहे. म्हणजे मला युनियन करता येईल, बरोबर?

इथे फसगत होते. १९७६ च्या ओ. के. ए. नायर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की लष्करी तळांवरील स्वयंपाकी, चौकीदार, न्हावी, सुतार, शिंपी असे लढाऊ नसलेले नागरी कर्मचारीसुद्धा अनुच्छेद ३३ च्या अर्थाने सेनादलांचे सदस्य ठरू शकतात आणि त्यांच्या संघटनांना मज्जाव करता येतो. युद्धात ते सैन्याबरोबर जातात, हा त्यामागचा विचार होता. त्यामुळे ‘सिव्हिलियन’ या शब्दावर भिस्त ठेवू नका. नेमणुकीच्या पत्रात कोणता कायदा आणि कोणते नियम लिहिले आहेत, ते आधी पाहा.

सीमा रस्ते संघटनेच्या अभियंता दलाचीही हीच गत आहे. त्याचे केंद्र पुण्याजवळ दिघीला आहे. १९८३ च्या आर. विश्वन निकालानुसार हे दल शिस्तीसाठी सेनादलांत गणले जाते, मात्र त्याची वेतनरचना नागरी कर्मचाऱ्यांप्रमाणे आहे. बंधने एका बाजूची आणि पगार दुसऱ्या बाजूचा, अशा स्थितीत या माणसांनी हिमालयातले रस्ते बांधले आहेत.

१५. सीमा सुरक्षा दल, सीआरपीएफ यांना हे नियम लागू आहेत का?

संघटनाबंदी त्यांनाही लागू आहे, पण त्यांच्या स्वतःच्या कायद्यांनुसार. ही दले गृहमंत्रालयाखाली येतात. त्यांचे वेतन नागरी तक्त्यानुसार ठरते, त्यांना लष्करी सेवा वेतन मिळत नाही आणि सशस्त्र सेना न्यायाधिकरणही त्यांच्यासाठी नाही. त्यांना उच्च न्यायालयात जावे लागते.

१६. अग्निवीरांचा पगार वेतन आयोगात येतो का?

अग्निवीर सेना कायद्याखालीच असतो, त्यामुळे प्रश्न १ मधील सर्व बंधने त्याला लागू आहेत. त्याचे मानधन मात्र २०२२ च्या योजनेनेच ठरवून दिले : पहिल्या वर्षी दरमहा ३०,०००, मग ३३,०००, ३६,५०० आणि चौथ्या वर्षी ४०,००० रुपये. त्यातील ३० टक्के सेवानिधीत (सेवा संपताना एकरकमी मिळणाऱ्या निधीत) जातात आणि तितकीच भर सरकार घालते. महागाई भत्ता आणि लष्करी सेवा वेतन नाही, जोखीम भत्ता आहे, चार वर्षांनंतर पेन्शन नाही. त्यामुळे आयोगाच्या शिफारशींनी इतरांचा पगार वाढला, तरी अग्निवीराचा आपोआप वाढत नाही. सर्वांत तरुण, सर्वांत कमी मुदतीचा आणि सर्वांत कमी आवाज असलेला सैनिक हाच आहे. आठव्या आयोगापुढे त्याच्याबद्दल कोण बोलणार, हा प्रश्न आज सर्वाधिक तातडीचा आहे.

१७. परदेशात सैनिकांच्या युनियन असतात म्हणे. त्याने शिस्त बिघडत नाही का?

देशोदेशी वेगवेगळ्या वाटा आहेत. जर्मनीत सैनिकांची संघटना १९५६ पासून आहे आणि सेवाशर्तींचे कायदे होताना तिचे म्हणणे ऐकले जाते. नेदरलँड्समध्ये संघटना प्रत्यक्ष बोलणी करतात. फ्रान्समध्ये पूर्ण बंदी होती. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१४ मध्ये ती सरसकट बंदी चूक ठरवल्यावर तिथे २०१५ मध्ये व्यावसायिक लष्करी संघटनांना परवानगी मिळाली. अमेरिकेत उलट १९७८ च्या कायद्याने सैनिकांच्या युनियन हा गुन्हा ठरवला आहे. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने १९९९ मध्ये युनियनचा हक्क मान्य केला, पण २००९ मध्ये प्रिटोरियात सैनिकांच्या मोर्चात हिंसाचार झाला. धोका काल्पनिक नाही, हे त्यातून दिसते.

मला भारतासाठी सर्वांत उपयोगी वाटते ती ब्रिटनची पद्धत. तिथेही युनियन नाही. पण १९७१ पासून सेनादलांसाठी स्वतंत्र वेतन आढावा मंडळ आहे. ते दर वर्षी शिफारस करते, तळांवर जाऊन शिपायांशी आणि त्यांच्या कुटुंबांशी थेट बोलते आणि बदल्या, धोका, कुटुंबापासूनचा दुरावा यांची भरपाई म्हणून मूळ वेतनात १४.५ टक्क्यांचा घटक धरते. आपल्याकडे दहा वर्षांनी एक आयोग येतो आणि अहवाल देऊन विसर्जित होतो, त्यामुळे चूक राहिली तर ती दुरुस्त करायला कोणी जागेवर नसते. माजी सैनिक सदस्य असलेले, संसदेला अहवाल देणारे आणि शिपायाचे म्हणणे त्याच्या वरिष्ठाच्या अनुपस्थितीत ऐकणारे कायमचे मंडळ स्थापन करायला अनुच्छेद ३३ आड येत नाही. घटना दुरुस्त करावी लागत नाही, सेना कायद्याचे एकही कलम बदलावे लागत नाही.

१८. मी निवृत्त होऊन डीएससीत भरती झालो. गावच्या माजी सैनिक संघटनेचा सचिवही आहे. पद ठेवता येईल का?

पद सोडावे. संरक्षण सुरक्षा दलात, म्हणजे डीएससीत, पुन्हा नाव नोंदवले की आपण पुन्हा सेना कायद्याखाली येता आणि प्रश्न ११ मध्ये सांगितलेली मोकळीक संपते. बँकेत, एसटीत किंवा राज्य शासनात लागलेल्या माजी सैनिकाला ही अडचण नाही. त्याला त्या नोकरीचे नियम लागू होतात आणि तिथल्या कर्मचारी संघटनेचे सदस्यत्वही घेता येते. प्रादेशिक सेनेतील जवानावर सेना कायदा त्याला सेवेसाठी बोलावलेले असेल त्या काळात लागू होतो. डीएससीत जाण्यापूर्वी संघटनेच्या दप्तरात राजीनाम्याची तारीख लेखी नोंदवून तिची प्रत जवळ ठेवावी, म्हणजे पुढे कोणी विचारले तर दाखवता येईल.